एकट्या मांजराला जोडी आणू नका

‘सारखं ओरडतंय, एकटं पडलं असेल बिचारं. जोडीला दुसरं आणा.’ मोठं मांजर दत्तक घेतलं की हा सल्ला हमखास मिळतो. नातेवाईक देतात, शेजारी देतात, कधी मांजर देणारेही देतात. मग दुसरं येतं. पहिलं कपाटामागे जाऊन बसतं, पडद्यावर लघवी उडवतं, नव्या मांजराच्या अंगावर धावून जातं आणि शेवटी ‘स्वभावानंच वाईट’ म्हणून त्यालाच परत पाठवलं जातं. चूक माणसांची आणि घर सुटतं मांजराचं! हे वारंवार घडतं म्हणून नीट सांगायला हवं.

आपल्या घरातली मांजरं आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आली. ‘सायन्स’मध्ये 2007 साली आलेल्या जनुकीय अभ्यासानं हे दाखवून दिलं. हे रानमांजर उंदरासारखी लहान शिकार करतं. एक उंदीर दोघांत पुरत नाही, त्यामुळे ते एकट्यानं शिकार करतं आणि आपली हद्द राखतं. यावर लोक विचारतात, मग मासळीबाजारात मांजरांचे घोळके कसे? तिथे खायला भरपूर असतं म्हणून. शिवाय असे घोळके मुख्यतः एकमेकींच्या नात्यातल्या माद्यांचे आणि त्यांच्या पिल्लांचे असतात. परकं मोठं मांजर आलं की त्याला बहुधा हुसकावूनच लावतात.

तेव्हा जे मांजर इतर मांजरांवर फिस्कारत आलं आहे, त्याच्या लेखी तुमची ‘सोबत’ ही घुसखोरी असते. मारामारी दिसत नाही म्हणजे सगळं आलबेल आहे, असंही नाही. एकानं टक लावून बघत राहायचं, लिटरच्या, म्हणजे शौचाच्या पेटीच्या, वाटेवर ठाण मांडायचं आणि दुसऱ्यानं लघवी दाबून धरायची, हे भांडणच आहे. अशा ताणातून मांजराच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते. बोक्याची लघवी अडली, तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो.

मग ते ओरडतं कशाला? तुमच्याशी बोलायला. पिल्लं आईला म्यावम्याव करून हाका मारतात. मोठी मांजरं आपसात क्वचितच म्यावम्याव करतात. मोठ्या मांजराचं म्याव प्रामुख्यानं माणसासाठी असतं. त्याला जेवण हवं असतं, दार उघडून हवं असतं किंवा खेळायला माणूस हवा असतो. खाण्याच्या वेळा ठरवा, खिडकीशी उंच बसायला जागा द्या, रोज दोन वेळा दोरी-पिसाशी दमेपर्यंत खेळवा. मात्र नसबंदी झालेली नसेल, तर माजावर आलेली मांजरी रात्ररात्र ओरडते; तिथे खेळ पुरणार नाही, नसबंदीच करावी लागेल. आणि एरवी शांत असलेलं वयस्क मांजर अचानक ओरडू लागलं, तर थायरॉइड, रक्तदाब, बहिरेपणा किंवा दुखणं असू शकतं. तेव्हा शेजाऱ्यांना नव्हे, पशुवैद्यांना विचारा.

एकत्र वाढलेल्या भावंडांची गोष्ट वेगळी. त्यांची ताटातूट करू नये.

‘मोठं मांजर लळा लावत नाही’ हेही खोटं. ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या 2019 मधल्या अभ्यासात आपल्या माणसाशी सुरक्षित ओढ असलेली मांजरं पिल्लांत आणि प्रौढांत जवळपास सारखीच, म्हणजे 65 टक्क्यांच्या आसपास निघाली. ‘मांजर घराचं, माणसाचं नाही’ या समजुतीलाही हेच उत्तर.

घरात गरोदर बाई आहे म्हणून मांजर सोडून देण्याची तर मुळीच गरज नाही. भीती असते ती गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या जंतूची; पण मांजराच्या विष्ठेतला हा जंतू संसर्ग करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो. लिटर रोज दुसऱ्या कुणी साफ करावं आणि मांस नीट शिजवून खावं.

दत्तक देणाऱ्यांनी ‘याला एकटंच ठेवा’ असं सांगितलं, तर त्यात त्या मांजराचा दोष शोधू नका. घरात आधीच मांजर असेल, तर असं मांजर आणू नका. नसेल, तर त्याचाच विचार आधी करा. सुरुवातीला त्याला एकच खोली द्या, ते आपणहून बाहेर येईल तेव्हा येऊ द्या आणि पुन्हा कुणी जोडीचा सल्ला दिला, तर स्पष्ट नाही म्हणा.