वीज आणि जयणा

दिनांक 22 जुलै 2021. चातुर्मास तोंडावर आला असताना सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या. पूर ओसरला तेव्हा दुकानांत चिखल होता, भिजलेला माल होता आणि स्विचबोर्डांत गाळ होता. मालाची हानी डोळ्यांना दिसते. बोर्डातील ओल दिसत नाही. अशा वेळी घरातील दहावीच्या विद्यार्थ्याचे भौतिकशास्त्र साऱ्या कुटुंबाच्या कामी येते.

वीज बंद परिपथातूनच वाहते. विद्युन्मय तारेतून येते, तटस्थ तारेतून परत जाते. तटस्थ तार रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असते. म्हणून ओल्या फरशीवर उभे राहून विद्युन्मय तारेला हात लागला, तर आपले शरीरच परिपथ पूर्ण करते. ओहमच्या नियमानुसार विभवांतराला रोधाने भागले की धारा मिळते. कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो. भिजलेल्या शरीराचा तो 1000 ओहमपर्यंत उतरू शकतो. 230 व्होल्ट भागिले 1000, म्हणजे 0.23 अँपिअर. हृदयाची लय बिघडण्यास याहून कितीतरी कमी धारा पुरते.

येथेच अनेकांची फसगत होते. “एमसीबी बसवला आहे, आता भीती नाही,” असे आपण म्हणतो. परंतु 16 अँपिअरच्या एमसीबीला 0.23 अँपिअर जाणवतही नाही. अतिभार व शॉर्ट सर्किट यांपासून तो तारांचे रक्षण करतो. माणसाच्या रक्षणासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. गेलेली आणि परतलेली धारा तो सतत ताडून पाहतो, जणू जमाखर्चच. तफावत दिसताच क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. फ्रीज, पंप, गिरणी यांना भूसंपर्क तार असलीच पाहिजे.

पाणी चढू लागल्यास ते बोर्डापर्यंत पोहोचण्याआधी, कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करावा. इन्व्हर्टर विसरू नये. बाहेरची वीज गेली तरी त्याच्या बॅटरीमुळे सॉकेटमध्ये वीज राहते. पाण्यात उभे राहून कोणताही स्विच हाताळू नये. पुरानंतर परवानाधारक वायरमनकडून तारांची तपासणी झाल्याशिवाय मेन सुरू करू नये. भिजलेले स्विच व सॉकेट वाळवून वापरण्याचा मोह टाळावा. नव्याने जोडणी करताना बोर्ड पूररेषेच्या वर घ्यावा.

जनरेटर लावताना चेंजओव्हर स्विच अनिवार्य समजावा. तो नसेल तर आपली वीज उलट्या वाटेने रोहित्रात जाते, तेथे तिचे विभवांतर वाढते आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

विजेत तेजस्कायाचे जीव आहेत की नाहीत, याविषयी आपल्या परंपरांत मतभेद आहेत. उघड्या तारेने पंचेंद्रिय जीवाचा घात होतो, याविषयी मात्र कोणाचेच दुमत नाही. चालणे, उभे राहणे, बसणे, बोलणे या प्रत्येक क्रियेत जयणा पाळावी, अशी दशवैकालिक सूत्राची शिकवण आहे. दुकानाचे कुलूप उघडून पहिला स्विच दाबणे हीसुद्धा क्रियाच आहे. यंदाच्या चातुर्मासापूर्वी आपल्या पेढीचा बोर्ड एकदा तपासून घेऊ या.