जुनी तुळई, नवी गिटार

मालवण-कुडाळ पट्ट्यात कौलारू घरं उतरवून स्लॅबची घरं उभी राहतात, तेव्हा तुळया, चौकटी, माळ्याच्या फळ्या पडवीत रचल्या जातात. बऱ्याचशा पुढे चुलीत जातात. घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार बनवू पाहणाऱ्याने शोध तिथूनच सुरू करावा.

साध्या गिटारचा आवाज पोकळ पेटी वाढवते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ते काम पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर करतात. चुंबकाभोवती ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. म्हणूनच १९३२मध्ये बाजारात आलेली रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’ गिटार चक्क ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती, आणि गिटारवादक लेस पॉलने १९४०च्या सुमारास पाइनच्या चौरस ओंडक्यावर तारा चढवून गिटार वाजवून दाखवली.

मग लाकडाकडून मागायचं काय? आवाजापेक्षा स्थैर्य. सहा तारा जुळवल्यावर गिटारच्या मानेवर जवळपास ४५ किलोचा ताण कायम राहतो. मान केसभर वाकली तरी तारा पडद्यांवर घासतात किंवा बोटांपासून दूर जातात. ओलं लाकूड सुकताना आकसतं, पिळतं. सावलीत इंचभर जाडीला वर्षभर सुकू द्यावं, हा सर्वसाधारण हिशेब. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तर घाई मुळीच चालत नाही. जुन्या घराच्या तुळईने मात्र कित्येक पावसाळे आधीच काढलेले असतात. तिची जी वळणं व्हायची, ती होऊन गेलेली असतात.

लंडनजवळच्या फेल्टममध्ये १९६३मध्ये ब्रायन मे हा शाळकरी मुलगा आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी असंच जुनं लाकूड वापरलं. विकतची गिटार परवडत नव्हती. मान त्यांनी फायरप्लेसच्या जुन्या चौकटीतल्या महोगनीतून कोरली, पडद्यांमधल्या खुणांसाठी आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घासली आणि तारांचा सूर हलवणाऱ्या ट्रेमोलोला मोटारसायकलच्या स्प्रिंगा लावल्या. सुमारे दोन वर्षांत झालेली ती ‘रेड स्पेशल’ पुढे ‘क्वीन’ या बँडच्या गाण्यांतून जगभर वाजली.

आपल्याकडे मानेला जुना साग घ्यावा, बॉडीला हलकी आणि फारशी न पिळणारी शिवण. फणसही चालतो, तंजावरच्या वीणा त्याच्याच असतात. नवं झाड तोडायचं तर साग, फणस, ऐन, किंजळ यांना महाराष्ट्रात १९६४च्या कायद्यानुसार परवानगी लागते. बोटं फिरतात त्या पट्टीला शिसव उत्तम. सह्याद्रीतही वाढणारं हे झाड ब्राझीलच्या रोझवुडची टंचाई झाल्यावर, १९६०च्या दशकाअखेरीपासून जगभरच्या गिटारांवर चढलं. तेव्हा मोडक्या कपाटाची शिसवी फळी टाकून देऊ नये. मात्र रंधा लावण्याआधी खिळे काढावेत आणि भुंग्याची भोकं तपासावीत.

पुढचं काम गणिताचं. मानेच्या टोकाच्या नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंतची लांबी ६४८ मिलिमीटर धरली, तर तिला १७.८१७ने भागून पहिल्या पडद्याचं अंतर येतं ३६.३७ मिलिमीटर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं. बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४वर यायला हवा. तीच हिशेबाची पडताळणी. मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वादक ते हवे तसे सरकवतो. गिटारचे पडदे करवतीने पाडलेल्या खाचांत ठोकलेले. खाच चुकली की पट्टीच बदलायची. त्यामुळे प्रत्येक अंतर आधीच्या पडद्यापासून न मोजता नटपासूनच मोजावं. नाहीतर बारीकसारीक चुका साठत जातात.

मानेच्या पोटात पोलादी ट्रस रॉड बसवायचाच. हवा बदलली की मान त्यानेच सरळ करता येते. रॉड, खुंट्या, ब्रिज हे भाग विकत आणावेत. पिकअपच्या खोबणीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडली की विजेची गुणगुण बरीच कमी होते. खारी हवा लोखंडाला सोडत नाही, म्हणून पडदे स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

शेवटचा हात चपडा लाखेच्या पॉलिशचा द्यावा. लाकडी खेळण्यांवर लाख चढवणाऱ्या सावंतवाडीच्या जिल्ह्यात ती परकी नाही. पण दमट हवेत तिच्यावर पांढुरकी झाक येते. म्हणून कापणं-जोडणं दिवाळीनंतर, पॉलिश शिमग्याच्या आसपास आणि तारा मृगाआधी. पावसाळाभर गिटार वाजवावी, मान किती हलते ते पट्टी लावून पाहावं. आश्विनात रॉड पुन्हा जुळवून पडदे एका पातळीत घासले, की मगच गिटार पूर्ण झाली म्हणावी. कारखान्याला एवढा वेळ देता येत नाही. घरी बनवणाऱ्याचा खरा फायदा तोच.