श्रवण आणि सोबत

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन नावाची वसाहत आहे. बाबा आमटे व साधनाताई आमटे यांनी १९५१ साली ओसाड, खडकाळ जमिनीवर कुष्ठरुग्णांच्या साह्याने ती उभारली. कुष्ठरोग औषधाने बरा होतो. परंतु बरे झालेल्या अनेकांना त्यांच्या घरच्यांनी पुन्हा जवळ केले नाही. ते आनंदवनातच राहिले, कष्ट करून जगले आणि तेथेच वृद्ध झाले. अशा वृद्धांसाठी तेथे ‘स्नेहसावली’ नावाचे निवासस्थान आहे. ज्यांचे आप्त दुरावले, त्यांना शेजारीच आप्त झाले.

वृद्धांच्या अशा सोबतीवर एक संकट हळूच चालून येते. ते म्हणजे बहिरेपणा. जगात साठ वर्षांवरील दर चार माणसांपैकी निदान एकाला तरी, रोजच्या व्यवहारात अडचण यावी इतके कमी ऐकू येते. हे असे का होते, ते पाहू.

ध्वनीच्या लहरी प्रथम कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागील तीन चिमुकली हाडे ती कंपने आतल्या कानात पोचवितात. तेथे शंखासारखी वेटोळी असलेली एक नळी असून तीत सुमारे १५,००० सूक्ष्म पेशी असतात. त्या कंपनांपासून संदेश तयार करतात आणि मज्जातंतू ते मेंदूकडे नेतात. कापलेले नख पुन्हा वाढते. या पेशी मात्र एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. वाढते वय, वर्षानुवर्षांचा गोंगाट, काही आजार व काही औषधे यांमुळे त्या कमी होत जातात.

त्यांतही उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी निकामी होतात. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर खालच्या पट्टीतले. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचे आवाज उंच पट्टीचे व नाजूक. त्यामुळे वृद्धाला बोलणे ऐकू तर येते, पण उमगत नाही. तुम्ही ‘सात’ म्हणावे आणि त्याने ‘हात’ किंवा ‘भात’ समजावे, असे घडते. ऐकणारे हसतात. असे चारदा झाले म्हणजे तो पुन्हा विचारीत नाही. नुसती मान डोलवितो. पुढे तो गप्पांच्या बैठकीतून उठून एकटाच ओसरीवर जाऊन बसतो. लोक म्हणतात, “आजोबा तापट झाले, कोणात मिसळत नाहीत.” वास्तविक त्यांना माणसे हवीच असतात.

जेथे अनेक वृद्ध एकत्र राहतात, तेथे ही अडचण वाढते. भोजनगृहात भांड्यांचा खणखणाट चालतो, चार जण एकाच वेळी बोलतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू अशा अनेक भाषा बोलल्या जातात. अर्धवट ऐकलेला शब्द आपण अंदाजाने पुरा करतो. पण मातृभाषेत जो अंदाज सहज बांधता येतो, तो दुसऱ्या भाषेत बांधणे कठीण जाते. शिवाय कुष्ठरोगामुळे काहींच्या बोटांची संवेदना गेलेली असते, तर काहींच्या डोळ्यांना इजा झालेली असते. अशा व्यक्तीला श्रवणयंत्राची बारीक कळ फिरविता येत नाही आणि समोरच्याचे ओठ पाहून शब्द ओळखणेही साधत नाही. तेथे दुसऱ्याचा हातच उपयोगी पडतो.

मग उपाय कोणता? प्रथम वैद्याकडून कान तपासून घ्यावेत. कधी नुसता मळ साचलेला असतो आणि तो काढताच ऐकू येऊ लागते. श्रवणयंत्राचा पुष्कळ उपयोग होतो. मात्र ते शब्दांबरोबर गोंगाटही वाढविते, म्हणून त्याची सवय व्हायला काही दिवस जावे लागतात.

याहून सोपा उपाय आपल्याच हाती आहे. ओरडू नये, ओरडल्याने शब्द अधिकच वेडेवाकडे होतात. समोर बसावे, चेहऱ्यावर उजेड असावा, सावकाश व स्पष्ट बोलावे. एका वेळी एकानेच बोलावे. न समजल्यास तेच वाक्य पुनःपुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगावे. आणि “जाऊ द्या, काही विशेष नाही,” असे कधीही म्हणू नये. या पाच शब्दांनी माणूस बैठकीबाहेर पडतो.

आनंदवनात मूकबधिर मुलांची शाळाही आहे. जन्मापासून ऐकू न येणारी मुले हातांच्या खुणांनी आपसांत मनसोक्त बोलू शकतात. सत्तराव्या वर्षी ज्याचे कान गेले, त्याला ही भाषा ठाऊक नसते. त्याच्यापाशी सांगण्यासारख्या गोष्टी मात्र कितीतरी असतात. रानात वाट कशी ओळखावी, मोहाची फुले केव्हा वेचावीत, दुष्काळाचे वर्ष कसे काढावे, हे सारे त्याला ठाऊक असते. त्या गोष्टी ऐकण्यासाठी आपले कान शाबूत आहेत. त्याच्यासमोर बसून त्याला बोलते करण्याएवढा वेळ मात्र आपण काढला पाहिजे.