पोर्तुगीज पासपोर्टला गोव्याचाही व्हिसा लागतो

गोव्यात लिस्बनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पोर्तुगीज पासपोर्ट झाला, आता व्हिसाची कटकट गेली." बोलणारा स्वतः ब्रिटनमधल्या स्विंडनच्या वाटेवर असतो, नाहीतर त्याचा मेहुणा तिथे असतो. पुढचं वाक्यही ठरलेलं: "आणि गावी यायला-जायला जुना इंडियन पासपोर्ट आहेच की!" पहिल्या वाक्यात थोडंफार तथ्य आहे. दुसऱ्यात फौजदारी गुन्हा आहे. तरीही दोन्ही वाक्यं एकाच सुरात, शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकू येतात, आणि ऐकणारे माना डोलावतात.

आधी सोपी गोष्ट. भारतात येणाऱ्या प्रत्येक युरोपीय नागरिकाला व्हिसा लागतो. जर्मन असो, फ्रेंच असो, पोर्तुगीज असो. युरोपीय संघाच्या सत्तावीसपैकी एकाही देशाला भारताने सामान्य पासपोर्टवर व्हिसामाफी दिलेली नाही. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही, मालदीवच्या पर्यटकाला ९० दिवसांपर्यंत लागत नाही. म्हणजे माले शहरातला माणूस विनाव्हिसा कळंगुटला येऊ शकतो. कळंगुटलाच जन्मलेला पण आता पोर्तुगीज झालेला माणूस येऊ शकत नाही. हे ऐकून लोक दुखावतात. पण इमिग्रेशनच्या काउंटरवर जन्मगाव विचारात घेत नाहीत, हातातला पासपोर्ट बघतात.

मग जुना भारतीय पासपोर्ट का चालत नाही? इथे सगळा घोळ आहे, म्हणून जरा सावकाश. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव इथे जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपलं नागरिकत्व देतो, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधक कार्यालयात करून ते मिळवता येतं. १९७४ च्या अखेरीस झालेल्या करारात पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, पण नागरिकत्वाचा हा दरवाजा बंद केला नाही. शिवाय पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालतं. लोक एवढंच ऐकतात आणि "ड्युअल चालतं" असं सांगत सुटतात.

चालतं, पण पोर्तुगालला. भारताला चालत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व कायदा, १९५५ चं कलम ९ वाचा: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं. त्यासाठी कुणाची नोटीस यावी लागत नाही, निकाल लागावा लागत नाही. यावर एक चतुर युक्तिवाद नेहमी येतो: "मी नागरिकत्व घेतलंच नाही, मी आजोबांमुळे जन्मानेच पोर्तुगीज आहे." हा युक्तिवाद लिस्बनमध्ये बिनतोड ठरेल. भारतात मात्र नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवणं हाच ते नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच, इजहार अहमद खान खटल्यात, वैध ठरवला आहे. ते प्रकरण पाकिस्तानी पासपोर्टचं होतं. नियम सगळ्या देशांना सारखाच आहे.

तेव्हा पोर्तुगीज पासपोर्ट हातात पडल्यावर कपाटातला भारतीय पासपोर्ट हा तुमचा राहिलेला नसतो. त्याची मुदत २०३२ पर्यंत असली तरीही. तो सरेंडर करून दाखला घ्यायचा असतो. तो दाबून ठेवून दाबोळी विमानतळावर भारतीय पासपोर्ट दाखवायचा आणि लंडनला पोर्तुगीज, ही "सोय" नव्हे. नागरिकत्व लपवून भारतीय पासपोर्ट मिळवला किंवा नूतनीकरण करून घेतलं, तर पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२(१अ) खाली किमान एक आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे, दंड वेगळा. "पण कुणी पकडत नाही" हे त्यावरचं उत्तर. पकडतात. परदेशात राहणाऱ्याच्या भारतीय पासपोर्टवर त्या देशाचा ना व्हिसा, ना निवासाचा परवाना. हे बघून अधिकाऱ्याला काय समजायचं ते समजतं. शिवाय सरेंडर होण्याऐवजी पासपोर्ट सरकारने रद्द केला, की पुढची कागदपत्रं अडकतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गोव्यात हा प्रचाराचा मुद्दा झाला होता, तो उगीच नव्हे.

"मग ओसीआय असतंच ना!" असतं, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया हे कार्ड असतं, पण आपोआप नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ मध्ये १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातल्या लोकांचा स्वतंत्र उल्लेख आहे, म्हणजे गोवेकर, त्यांची मुलं, नातवंडं, पतवंडं त्यात बसतात. बसतात म्हणजे अर्ज करू शकतात. अर्जासोबत भारतीय पासपोर्ट सरेंडर केल्याचा दाखला मागतात, आणि ज्याने तो कपाटात जपून ठेवला तो इथे अडकतो. कार्ड मिळालं की भारतात कितीही वेळा येता येतं, कितीही दिवस राहता येतं, पोलिसांकडे नोंद करावी लागत नाही. नावात "सिटिझन" असलं तरी हे नागरिकत्व नाही. मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही, सरकारी नोकरी नाही. शेतजमीन, फार्महाऊस, बागायत विकत घेता येत नाही. वारशाने आली तर ठेवता येते. "आंतोनियोच्या वाड्यालगतचं शेत घेऊन टाकतो" म्हणणाऱ्या परतलेल्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार पत्रकारिता, धर्मप्रचार, संशोधन यांसाठी ओसीआय असूनही वेगळी परवानगी लागते.

आणि ओसीआय कार्ड हा पासपोर्ट नाही. नुसतं कार्ड घेऊन विमानात बसता येत नाही, सोबत चालू मुदतीचा परदेशी पासपोर्ट हवाच. आईवडिलांकडे ओसीआय आहे म्हणून स्विंडनला जन्मलेलं कडेवरचं बाळ त्यात "धरलं" जात नाही. त्याला त्याचं कार्ड किंवा त्याचा व्हिसा.

एवढं झालं भारताचं. ब्रिटनबद्दलचा गैरसमज जुन्या आठवणींवर जगतो. जे लोक २०२० पूर्वी पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गेले आणि दुसऱ्या आठवड्यात गोदामात कामाला लागले, त्यांच्या सांगण्यावर आजची पोरं पासपोर्टचा खर्च करतात. ती दुनिया ३१ डिसेंबर २०२० ला संपली. त्या तारखेपर्यंत तिथे राहत असलेल्यांसाठी सेटलमेंट योजना होती, तिची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ ला संपली. आता पोर्तुगीज नागरिकाला ब्रिटनमध्ये नोकरी करायची तर भारतीयासारखाच कामाचा व्हिसा काढावा लागतो. नुसतं फिरायला जायचं तरी २ एप्रिल २०२५ पासून ईटीए नावाची पूर्वपरवानगी शुल्क भरून घ्यावी लागते. काम करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. खुद्द युरोपीय संघात, आयर्लंड धरून, पोर्तुगीज पासपोर्टवर राहता येतं आणि कामही करता येतं; खरी किंमत आहे ती याची. पण डब्लिनचं नाव काढलं की लोक निराश होतात, कारण मावसभाऊ स्विंडनला असतो.

अमेरिकेचं तसंच. "युरोपियनांना अमेरिकेला व्हिसा नाही." पोर्तुगीजांना ९० दिवसांपर्यंत नाही, पण ईएस्टा ही पूर्वपरवानगी लागते, आणि तिचं शुल्क सप्टेंबर २०२५ अखेरीस २१ डॉलरवरून ४० डॉलर झालं. रुमानिया, बल्गेरिया आणि सायप्रस हेही युरोपीय संघातच आहेत, पण त्यांच्या नागरिकांना पुरता व्हिसा काढावा लागतो. म्हणजे "युरोपियन पासपोर्ट" अशी एक वस्तू नाहीच. सत्तावीस देशांचे सत्तावीस पासपोर्ट आहेत आणि प्रत्येकाचे करारमदार वेगळे. आणखी एक फट: १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरिया, येमेन अशा काही देशांत पाऊल ठेवलं असेल, तर पोर्तुगीजालाही ईएस्टा मिळत नाही. आखाती कंपन्यांसाठी इराकमध्ये काम केलेले गोवेकर थोडेथोडके नाहीत.

राहिलेले गैरसमज भराभर. कॅनडाला विमानाने जाताना ईटीए लागतो; ऑस्ट्रेलियाला ई-व्हिजिटर लागतो, तो फुकट असला तरी अर्ज करावाच लागतो. चीनने ऑक्टोबर २०२४ पासून पोर्तुगीजांना विनाव्हिसा येऊ दिलं आहे, आधी १५ दिवस आणि नोव्हेंबर २०२४ अखेरीपासून ३० दिवस, पण ती मुदतीची सवलत आहे, हक्क नव्हे. रशियाला व्हिसा लागतो. शेंगेनचा "१८० दिवसांत ९०" हा नियम युरोपीय नागरिकांना लागू नाही, आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेली ठसे-फोटो घेणारी ईईएस यंत्रणाही त्यांच्यासाठी नाही. नवरा पोर्तुगीज आणि बायको भारतीय असेल, तर बायकोला "त्याच्या पासपोर्टवर" जाता येत नाही. दोघं जर्मनीला जाणार असतील तर २००४ च्या युरोपीय निर्देशानुसार तिचा व्हिसा विनाशुल्क आणि लवकर द्यावा लागतो. पण व्हिसा लागतोच.

या साऱ्याला वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या "सर्वात ताकदवान पासपोर्ट"च्या याद्या जबाबदार आहेत असं माझं मत आहे. त्यांतल्या प्रसिद्ध हेन्ली पासपोर्ट इंडेक्समध्ये ईटीए लागणारा आणि विमानतळावर व्हिसा देणारा देशही "व्हिसामुक्त"च मोजला जातो. मथळा वाचून बॅग भरणाऱ्याला हे कोण सांगणार? चेक-इनच्या काउंटरवरची मुलगी सांगते. तिच्यासमोर टायमॅटिक ही विमान कंपन्यांची नियमसूची उघडी असते, आणि कागद अपुरा असलेला प्रवासी नेला तर भुर्दंड कंपनीला बसतो. तिथे हुज्जत घालून काही होत नाही.

नाताळला गावी यायचं आहे, ओसीआय अजून हातात नाही, अशांनी भारताचा ई-व्हिसा काढावा. अर्ज निघण्याच्या किमान चार दिवस आधी, सरकारच्याच संकेतस्थळावर करावा; पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट इन" नसेल तर तो दलालाचा धंदा समजावा. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक आणि दोन पानं कोरी हवीत. उतरल्यावर विमानतळावर काढून घेऊ म्हणाल, तर तशी सोय भारत फक्त जपान, दक्षिण कोरिया आणि अमिरातीच्या नागरिकांना देतो.