कोयत्याच्या हिशेबात नसलेले मूल

दसरा झाला की बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत ऊसतोडीला निघण्याची आवराआवर सुरू होते. पाटोदा तालुक्यात सावरगाव घाटला दसरा मेळावा भरतो, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाशी उचलीचे, म्हणजे आगाऊ रकमेचे, बोलणे पक्के होते आणि दिवाळी आटोपते न आटोपते तोच ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरकडे, काही थेट बेळगाव-बागलकोटकडे निघतात. 2024 मध्ये गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला, 2025 मध्ये 1 नोव्हेंबरला. पुढचे पाच महिने नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरली जाते. या जोडीच्या कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल असेल तर त्याची नोंद कुणाच्याच वहीत होत नाही. त्याच्याबद्दल गावात, कार्यालयात आणि शहरातल्या सहृदय माणसांतही एकच वाक्य ऐकू येते : एवढ्याशा पोराचे काय, त्याची कुठे शाळा बुडते? ऊसतोड कुटुंबांविषयीच्या गैरसमजांतला सर्वांत महागात पडणारा गैरसमज मला हाच वाटतो, कारण बाकीचे बहुतेक गैरसमज याच्याच पोटातून निघतात.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. नऊ वर्षांच्या मुलाचे अर्धे वर्ष बुडाले तर ते नुकसान मोठेच, पण इयत्ता पुन्हा करता येते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे हजार दिवसांत मेंदूची आणि उंचीची जी वाढ होते, ती पुढे मागे सरकवता येत नाही. दोन वर्षांपर्यंत खुंटलेली उंची नंतर पूर्ण भरून निघणे अवघड असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आहेत. या आकड्यामागची बरीचशी कहाणी सहा महिने ते दोन वर्षे या काळात घडते, म्हणजे मूल वरचे खायला लागते तेव्हा. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला अंगावरच्या दुधाशिवाय दिवसातून तीन-चार वेळा मऊ, घट्टसर, ताजे अन्न लागते. त्याचे पोट लहान असल्याने सकाळी एकदाच भरपूर भरवून दिवस निभत नाही. तरीही आपली धोरणे शाळेच्या पटापासून मोजायला सुरुवात करतात. गावात राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, काही कारखान्यांवर साखरशाळा झाल्या, 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे ठरली. हे सगळे हवेच होते. पण यातले काहीही त्या मुलासाठी नाही, ज्याला अजून चप्पलही धड घालता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. मूल आईजवळ आहे, मग आणखी काय हवे? यात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही अंगावरचे दूध चालू राहणे चांगलेच, आणि आई उसाच्या फडात असताना ते फडातच शक्य आहे. मात्र आई जवळ असणे आणि आईचे हात मोकळे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोडणीची मजुरी टनावर मिळते. ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडी भरायची. यात भरवायला बसलेला प्रत्येक अर्धा तास टनातून वजा होतो आणि एक दिवस मोडला तर खाडा, म्हणजे दंड, लागतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवण्याचा निर्णय झाला, तो हक्काचाच होता, पण दर वाढल्याने आईला वेळ मिळत नाही. उलट मोळीची किंमत वाढली की थांबणे अधिकच महाग होते. झोपेचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात 11 ते 14 तास झोप लागते. पहाटेच्या अंधारात कोपीतून, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतून, उचलून फडाच्या बांधावर टाकलेल्या आणि रात्री गाडी भरताना पुन्हा जागे झालेल्या मुलाला ती मिळत नाही. मग त्याला सांभाळते कोण? बहुधा सात-आठ वर्षांची बहीण. म्हणजे ज्या धाकट्याची ‘शाळा बुडत नाही’ असे आपण म्हणतो, त्याच्यापायी थोरलीची बुडते. ऊसतोड मुलींची गळती रोखायची असेल तर सुरुवात पाळण्यापासून करावी लागेल, हे मोर्चांत क्वचितच कुणी बोलते.

आजीकडे ठेवावे, असा सल्ला सहज दिला जातो. पाच-सहा वर्षांच्या पोराला तो चालतो. दीड वर्षाच्या मुलाचे मात्र त्याने अंगावरचे दूध तुटते, आणि कित्येक घरांतली आजी स्वतःच अजून कोयत्यावर असते.

उचल हातात पडते, मग मूल उपाशी कसे, हा प्रश्न थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. उचल हंगामाआधी एकरकमी मिळते आणि बहुतेक वेळा ती जुने देणे, लग्न, घर, बैल किंवा दवाखाना यांत दिवाळीपूर्वीच संपलेली असते. हंगामात हाती येते ती खर्ची, म्हणजे किराणा चालेल एवढी रक्कम. त्यामुळे फडावरच्या कोपीत भाकरी असते, कालवण असते. नसते ते मुलाला वेगळे शिजवलेले काही. दूध, अंडे, डाळीचे घट्ट वरण, फळ या गोष्टी मागे पडतात. संक्रांतीला एखादी आई तिळगूळ हातावर ठेवते आणि बोरन्हाणही करते, कारण सण फडावरही सोडलेले नसतात. पोषणाचा अभाव हा मायेचा अभाव नव्हे, हे शहरातल्या टीकाकारांनी ध्यानात घ्यावे. 2019-21 च्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. कोयता पूर्ण व्हावा म्हणून लग्न उरकले जाते आणि वर्षा-दोन वर्षांत त्या मुलीच्या कडेवर मूल येते. तिला बेफिकीर म्हणणे हा अडाणीपणाच आहे, फक्त तो आपला आहे.

आता सर्वांत व्यवहारी गैरसमज. नाव गावच्या अंगणवाडीत आहे, म्हणून लस आणि आहार गावातच मिळणार, असे पालकांना वाटते, आणि पलीकडच्या जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींनाही. सरकारी लसीकरणाला रहिवासाचा दाखला लागत नाही. देशातल्या कोणत्याही आरोग्य केंद्रात किंवा लसीकरण सत्रात मूल नेता येते. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवेचा आहार 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने हक्क झाला : सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा शिधा, दिवसाला 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने या हिशेबाने. अंगणवाड्यांच्या पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये मुलाची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे वळवता येते. रेशन कार्डही देशभर चालते. नियम मुलाबरोबर हिंडू शकतात. हिंडत नाही ती माहिती. गोवराची पहिली लस 9 ते 12 महिन्यांत द्यायची असते. डिसेंबरमध्ये नऊ महिने पूर्ण होणाऱ्या मुलाची ती मुदत जवळजवळ पूर्णपणे हंगामात जाते. उशिरा दिलेली लस वाया जात नाही, पाच वर्षांपर्यंत ती देता येते. पण मधले महिने ते मूल शेकडो कोप्यांच्या दाटीत लसीविना काढते, आणि गोवराला असल्या दाटीएवढे सोयीचे दुसरे काही नसते.

‘पाडव्याला गावी आले की भरून निघेल’ ही समजूत ऋतूंचा क्रम पाहिला की टिकत नाही. कुटुंब परतते ते मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे बीडमध्ये विहिरी आटत असताना आणि टँकर सुरू होत असताना. मग जत्रा, अक्षय्य तृतीया, लग्नांची धामधूम. घरात पाहुणे, पाणी साठवलेले, आणि सगळ्यांच्या हातचे खाणारे मूल. ‘पोरगं रोडावलं’ असे नातेवाईक म्हणतात आणि दृष्ट काढली जाते. आधीच वजन उतरलेल्या मुलाला जुलाब लागले तर ते झपाट्याने खालावते. जुलाबात पाणी-अन्न बंद ठेवण्याची पद्धत घातक आहे. लागते ती जलसंजीवनी, चालू ठेवलेले दूध-जेवण आणि सहा महिन्यांवरील मुलाला 14 दिवस झिंक. मुलाचा दंडघेर 12.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते कुपोषणाकडे झुकले आहे, 11.5 च्या खाली असेल तर तीव्र कुपोषित आहे. यासाठी अंगणवाडीतली साधी फीत पुरते. पाडव्यानंतरच्या आठवड्यात परतलेल्या प्रत्येक मुलाच्या दंडाला ती लागली पाहिजे.

शेवटचा आक्षेप कारखान्यांकडून येतो. टोळ्या फिरत्या, फड रोज बदलणारा, मजूर मुकादमाचे. तिथे पाळणाघर कसे चालवायचे? अडचण खरी आहे, अशक्यता खरी नाही. बांधकामाच्या जागाही बदलत असतात, तरी 1969 मध्ये दिल्लीत मोबाइल क्रेशने कामाच्या जागीच पाळणाघर सुरू केले आणि पुढे ते काम मुंबई-पुण्यातही पोहोचले. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने 2005 मध्येच सांगितले होते की कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका स्त्रीला नेमून तिला मजुरी द्यावी. दगड-मातीच्या कामावर जो नियम घालता आला, तो उसाच्या फडावर घालता येत नाही याला कारण नाही. राहिला प्रश्न टोळी सापडण्याचा. कोणत्या गटातला ऊस कोणत्या दिवशी कोणती टोळी तोडणार, हे कारखान्याच्या शेतकी विभागाला आधी माहीत असते. गाडी वेळेवर यावी म्हणून तो त्या टोळीचा पत्ता बरोबर शोधतो. कोप्यांचा तळ तर बहुतेक वेळा कित्येक आठवडे एकाच जागी असतो. तिथल्या एका बाईला मजुरी देऊन दहा मुले तिच्याकडे ठेवायला टनामागे फार मोठी रक्कम लागणार नाही.

तोवर निघण्यापूर्वी प्रत्येक आईच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड असावे, आशाताईंनी पुढची लस आणि तारीख त्यावर लिहून द्यावी, आणि अंगणवाडीताईंनी पोषण ट्रॅकरवरची नोंद पुढच्या जिल्ह्याकडे वळवावी. आणि मुकादमाशी करार करताना कोयते मोजतात, तशी सोबतची सहा वर्षांखालची मुलेही त्याच कागदावर मोजण्याची सक्ती सरकारने येत्या हंगामापासून करावी.