गोलार्धांच्या रेषा: एक निसर्गाची, एक ठरावाची

पृथ्वीगोलावर आडव्या-उभ्या रेषांचं जाळं छापलेलं असतं. प्रत्यक्ष जमिनीवर यातली एकही रेषा दिसत नाही, तरी सगळ्याच सारख्या काल्पनिक नाहीत. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्याची दोन टोकं म्हणजे ध्रुव, आणि दोन्ही ध्रुवांपासून सारख्या अंतरावरचं वर्तुळ म्हणजे विषुववृत्त. त्याने पृथ्वीचे उत्तर आणि दक्षिण गोलार्ध होतात. ही जागा पृथ्वीच्या फिरण्यानेच ठरलेली आहे. कुठल्या परिषदेला ती हलवता येणार नाही.

वसई पूर्वेतलं, कारखान्यांच्या गाळ्यांनी भरलेलं सातिवली सुमारे १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. तेव्हा सातिवलीहून नाकासमोर दक्षिणेला गेलं, तर जवळजवळ २,१५० किलोमीटरवर विषुववृत्त लागतं. उत्तरेकडे साडेतेवीस अंशांवरचं कर्कवृत्त महाराष्ट्राच्या हद्दीबाहेरच राहतं. म्हणूनच अख्ख्या महाराष्ट्रात सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. सातिवलीत असं मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस घडतं. उभ्या खांबाची सावली भर मध्यान्ही पायथ्याशीच विरून जाते. जुलैमधली संधी पावसाळी ढगांत बहुधा हुकतेच, त्यामुळे पाहायचं तर मेमध्ये.

उभ्या रेषांची गोष्ट निराळी. सगळी रेखावृत्तं ध्रुवापासून ध्रुवापर्यंत सारख्याच लांबीची असल्याने मोजणी कुठून सुरू करावी, हे निसर्ग सांगत नाही. प्राचीन भारतीय गणितींनी उज्जैनवरून जाणारी रेषा मूळ मानली. इ.स. ११५०च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त भास्कराचार्यांनीही तीच परंपरा चालवली, या ग्रंथाचा एक भाग ‘गोलाध्याय’ नावाचाच आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.

पुढे १८८४मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत लंडनमधल्या ग्रीनिचची रेषा शून्य ठरली. कारण व्यवहाराचं होतं: जगातली बहुतेक जहाजं तोवर ग्रीनिचवर बेतलेले नकाशे वापरत होती. शून्य आणि १८० अंशांची रेखावृत्तं मिळून पूर्व आणि पश्चिम गोलार्ध वेगळे होतात.

पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. सातिवली सुमारे ७२.९ अंश पूर्वेला, म्हणून तिथली सूर्यावरची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे आहे. जुना ‘मुंबई टाइम’ हाच. भारताची प्रमाणवेळ मात्र साडेब्याऐंशी अंशांवरून घेतली जाते, त्यामुळे सातिवलीत माथ्यावरचा सूर्य घड्याळातल्या बारानंतर सरासरी ३८ मिनिटांनी येतो.

भारत संपूर्णपणे उत्तर आणि पूर्व गोलार्धात बसतो. सातिवलीच्या नेमक्या विरुद्ध बाजूचा बिंदू दक्षिण आणि पश्चिम गोलार्धात, ईस्टर बेटाच्या उत्तरेला पॅसिफिक महासागरात पडतो. यात नवल नाही. जगातल्या जमिनीचा दोन तृतीयांश भाग उत्तर गोलार्धातच आहे.

ठरावाने आखलेल्या रेषेची अडचणही आहे. शून्य रेखावृत्त ब्रिटन, फ्रान्स, स्पेन आणि पश्चिम आफ्रिका चिरत जातं. युरोप आणि आफ्रिका अखंड दाखवण्यासाठी काही नकाशाकार म्हणूनच पूर्व-पश्चिम गोलार्धांची सीमा २० अंश पश्चिम आणि १६० अंश पूर्व रेखावृत्तांवर धरतात.