बर्फावरची हॉकी – लेखांक सातवा : बत्तीस वर्षांचे अवर्षण

मागील लेखांकात, लॉर्ड स्टॅन्ले या गव्हर्नर-जनरलांनी १८९२ साली कॅनडातील हॉकीसंघांसाठी जो चांदीचा चषक देऊ केला, त्याची कुळकथा आपण पाहिली. आज त्याच चषकासंबंधीच्या एका दुःखद आणि, माझ्या मते, बहुधा चुकीच्या रीतीने समजावून सांगितल्या जाणाऱ्या प्रकरणाकडे वळावयाचे आहे. १९९३ च्या जूनपासून २०२५ च्या जूनपर्यंत कॅनडातील एकाही व्यावसायिक संघाच्या हाती हा चषक लागला नाही. ज्या देशाने या खेळाचे नियम घडविले, जेथे तळी गोठली की मुलांचे पाय आपोआप बर्फाकडे वळतात, त्याच देशाच्या वाट्याला असे अवर्षण यावे, याचे नवल दूरस्थ अभ्यासकालाही वाटल्यावाचून राहत नाही. कारण त्यापूर्वीच्या दहा वर्षांत एडमंटनने पाचदा, माँट्रियलने दोनदा आणि कॅल्गरीने एकदा, असा आठ वेळा तो चषक कॅनडातच राहिला होता.

त्यांपैकी शेवटच्या विजयाची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. १९९३ च्या अंतिम मालिकेतील पहिला सामना लॉस एंजेलिस किंग्जने जिंकला होता, आणि माँट्रियलच्या फोरममध्ये ३ जून रोजी झालेल्या दुसऱ्या सामन्यातही, खेळ संपावयास दोन मिनिटे उरली नसता, तोच संघ दोनास एक असा पुढे होता. अशा वेळी माँट्रियलचे प्रशिक्षक जाक देमेर यांनी पंचांकडे मागणी केली की, प्रतिपक्षाच्या मार्टी मॅक्सॉर्लीची स्टिक मोजावी. पात्याची वक्रता अर्ध्या इंचाहून अधिक नसावी असा त्या काळचा नियम होता. मापकाला लावताच पाते नियमबाह्य ठरले, मॅक्सॉर्लीला शिक्षेच्या बाकावर बसावे लागले, देमेर यांनी आपला गोलरक्षकही मागे बोलावून जादा आक्रमक बर्फावर धाडला, आणि एरिक देजार्दँ याने बरोबरी साधली. जादा वेळेतील विजयाचा गोलही त्यानेच केला. पुढचे तीनही सामने जिंकून माँट्रियलने ९ जून रोजी आपला चोविसावा चषक उचलला. एका पात्याच्या वाकावर एवढे अवलंबून राहावे, ही गोष्ट ध्यानात ठेवूनच पुढील बत्तीस वर्षांकडे पाहावे, असे मला वाटते.

या अवर्षणाची कारणे सांगणारे लोक बहुधा एकच कारण सांगतात, आणि तेथेच त्यांची गफलत होते. वस्तुतः येथे दोन निरनिराळे कालखंड आहेत. पहिल्या दहा वर्षांचा उलगडा जमाखर्चाच्या वहीत सापडतो. कॅनडातील संघांस तिकिटांचे उत्पन्न कॅनडाच्या डॉलरांत मिळे, आणि खेळाडूंचे पगार मात्र अमेरिकेच्या डॉलरांत चुकवावे लागत. तो कॅनडाचा डॉलर घसरत घसरत २००२ च्या आरंभी अमेरिकेच्या सुमारे ६२ सेंटांवर आला. पगारांस मर्यादा नसल्याने न्यूयॉर्क किंवा डेट्रॉइटचे धनिक मालक हवा तो खेळाडू उचलीत, आणि एडमंटन, कॅल्गरी यांसारखी मध्यम शहरे आपले घडविलेले खेळाडू डोळ्यांदेखत गमावीत. २००० च्या जानेवारीत उद्योगमंत्री जॉन मॅनली यांनी संघांस सरकारी अर्थसाहाय्य देण्याची तजवीज जाहीर केली, पण लोकक्षोभ एवढा उसळला की तीनच दिवसांत ती मागे घ्यावी लागली. विनिपेगचा संघ १९९६ मध्ये फीनिक्सला गेला. २००३ मध्ये ओटाव्याच्या संघाने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट क्वेबेक शहराची. अनेक वर्षे तळाशी राहून, उत्तमोत्तम तरुण खेळाडू जमवून जो संघ अखेर फळास आला होता, तो १९९५ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरला विकला गेला, आणि तेथे पहिल्याच हंगामात त्याने चषक जिंकला. त्या विजयात गोलरक्षक होता पॅट्रिक रुआ, १९९३ च्या माँट्रियल-विजयाचा नायक; डिसेंबरातील एका सामन्यात नऊ गोल होईपर्यंत प्रशिक्षकांनी त्याला बाहेर काढले नाही, तेव्हा ‘माँट्रियलसाठी हा माझा अखेरचा सामना’ असे त्याने अध्यक्षांस तोंडावर सांगितले, आणि काही दिवसांतच त्याची रवानगी डेन्व्हरला झाली. क्वेबेकने पेरलेले आणि माँट्रियलने टाकलेले, असे दुहेरी पीक परमुलखात कापले गेले.

२००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक व खेळाडू यांच्या तंट्यात बुडाल्यावर प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख अमेरिकी डॉलरांची होती. येथून दुसरा कालखंड सुरू होतो, आणि येथे पैशाचे कारण लंगडे पडते. कराचा मुद्दा आज पुष्कळ मांडला जातो: फ्लॉरिडा, टेक्सास, नेव्हाडा येथे वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही, उलट ऑन्टारिओ व क्वेबेक प्रांतांत वरच्या उत्पन्नावरील एकूण आकारणी निम्म्याहून अधिक होते, सबब सारख्याच रकमेचा करार टोरांटोत कमी पदरात पडतो. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत पाच चषक फ्लॉरिडा आणि नेव्हाडा येथील संघांनी नेले, हे पाहता मुद्द्यात तथ्य आहे खरे. तथापि करांचा बोजा जबर असलेल्या कॅलिफोर्नियातील संघांनी २००७, २०१२ आणि २०१४ मध्ये चषक जिंकले, याचे उत्तर हा युक्तिवाद देत नाही.

माझ्या मते या दुसऱ्या कालखंडात दैवाचा वाटा मानल्यावाचून गत्यंतर नाही. दर वर्षी पाचात एक एवढी संधी धरली, तरी १९९३ नंतरचे सगळे हंगाम सलग कोरे जाण्याचा संभव हजारात एक एवढाच भरतो. परंतु कॅनडाचे संघ दारापर्यंत पोचलेच नाहीत असे मुळीच नाही. या बत्तीस वर्षांत ते आठ वेळा अंतिम मालिकेत हरले आणि त्यांतील पाच मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेल्या: व्हँकूव्हर १९९४ आणि २०११ मध्ये, कॅल्गरी २००४ मध्ये, एडमंटन २००६ आणि २०२४ मध्ये. २००४ च्या सहाव्या सामन्यात मार्टिन जेलिनासच्या पायाला लागलेली चकती गोलरेषा ओलांडून गेली होती, असे कॅल्गरीचे लोक आजही शपथेवर सांगतात. गोल मिळाला नाही, आणि जादा वेळेत टँपा बेच्या मार्टिन सँ-लुईने सामना संपविला. हा सँ-लुई क्वेबेक प्रांतातील लाव्हालचा, आणि त्याच्या काही वर्षे आधी कॅल्गरीनेच निरुपयोगी म्हणून सोडलेला.

म्हणूनच ‘कॅनडा हॉकी विसरला’ हे विधान मला अन्यायाचे वाटते. विजयी अमेरिकी संघांतील खेळाडूंपैकी फार मोठा भाग कॅनडाचाच असतो. नोव्हा स्कोशातील कोल हार्बरच्या सिडनी क्रॉस्बीने पिट्सबर्गसाठी तीन चषक जिंकले, आणि विजेत्या संघातील प्रत्येकाला एक दिवस चषक स्वतःजवळ ठेवता येतो या प्रथेनुसार तो आपल्या गावी आणलाही. गुण कमी पडले नाहीत. कमी पडले ते संघ, आणि ज्या काळात रुपया-पैशाने त्यांची कंबर मोडली त्या काळात त्यांस वाचविण्याची इच्छा. या बाबतीत सर्वांत मोठा दावा आजही क्वेबेक शहराचाच आहे. सुमारे अठरा हजार प्रेक्षकांचे नवे क्रीडागृह त्याने २०१५ मध्ये सार्वजनिक पैशातून उभे केले. २०१६ मध्ये या संघांच्या व्यावसायिक लीगने नवा संघ लास व्हेगासला दिला आणि क्वेबेकचा अर्ज लांबणीवर टाकला. संघ कोणत्या शहरास द्यावयाचा हे लीगचे मालकमंडळ कोणत्या हिशेबाने ठरविते, तो विषय पुढील लेखांकासाठी राखून ठेवतो.